सातव्या हिरवळीखालचे आजोबा

आजोबांना थंडी वाजते आहे, हे आधी दाल्मासियोला कळलं. ते त्याच्या स्वप्नात ओलेचिंब येऊन उभे राहिले, दात वाजवत. "पाठ भिजते रे माझी," एवढंच म्हणाले. मग दाल्मासियोचे पाय गेले. दृष्टी तर आधीच गेली होती. गावच्या पुजाऱ्यानं उपाय सांगितला: हाडं उकरा, नव्या घोंगडीत गुंडाळून घरी आणा, डुक्कर कापून गाव जेवू घाला. तोवर हा उठायचा नाही.

फेलिसा त्याची थोरली बहीण. तिनं घोंगडी विणायला घेतली, पण अडचण तिला ठाऊक होती. आजोबा गोल्फ क्लबच्या सातव्या हिरवळीखाली होते आणि तिथं रोज पहाटे पाण्याचे फवारे सुटत.

ती टेकडी म्हणजे आजोबांचं कुरण. या डोंगरात गवत उसनं द्यायची रीत होती. मागणाऱ्यानं दारू पाजावी आणि हंगामभर गुरं चारावीत. अमेरिकन साहेबांनी चेंडू मारायला जागा मागितली, तेव्हा आजोबा हसले होते. "गुरं निदान पोट तरी भरतात. हे नुसतेच हिंडणार. हिंडू देत!" साहेबांची बाटली त्यांनी चौघांत वाटून संपवली. हंगाम सरला, साहेब हलले नाहीत. आजोबा वारले, कुरणातच पुरले गेले. पुढच्या वर्षी कुंपण आलं.

दाल्मासियोनं त्याच क्लबात जन्मभर साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या. सातवी हिरवळ आली की बुटात खडा गेल्याचं निमित्त करून तो अनवाणी व्हायचा.

क्लबची शंभरी जवळ आली होती. व्यवस्थापक व्हिलालुझ मनिलाचा, गोड बोलणारा.

"आपो, इतिहास आम्हाला फार प्रिय आहे," वडीलधाऱ्यांना हाक मारायच्या रीतीनं तो म्हणाला. "पण हिरवळ खणायची? ते गवत परदेशातून आणलंय."

"आजोबा इथलेच आहेत, साहेब."

"वरून घोंगडी घाला ना! आम्ही बँडसुद्धा लावू."

दाल्मासियोला हे कळलं तेव्हा तो अंथरुणातूनच ओरडला, "थंडी खाली वाजतेय आणि पांघरूण वर? त्याच्या बापाला असंच पुरलंय का, विचार त्याला!"

फेलिसा रोज क्लबच्या दारात जाऊन बसू लागली. आठवड्यानं व्हिलालुझ स्वतः बाहेर आला. "खणा, आपो. खुशाल खणा." तिला वाटलं, आपण जिंकलो. तिनं त्याचे हात हातात घेतले आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

भाचे फावडी घेऊन आले. हिरवळ चटईसारखी गुंडाळून बाजूला ठेवली. खाली वाळू लागली, मग पांढरी खडी, मग निळा नळ. त्याखाली पुन्हा खडीच.

"अजून खोल जा," फेलिसा म्हणाली.

भाचे थांबले. व्हिलालुझ छत्रीखाली उभा होता. "ही हिरवळ नव्यानं बांधली तेव्हा इथली सगळी माती काढली होती, आपो. माझ्या आधीची गोष्ट आहे ती. गाड्या लावायच्या जागेत भराव केला तिचा, वर डांबर आहे."

"तुम्हाला हे केव्हापासून ठाऊक?"

"तुम्ही खणलंत, आम्ही अडवलं नाही," तो नम्रपणे म्हणाला. "शंभरीच्या पुस्तकात हे येईल."

फेलिसा खाली बसली. एक भाचा शिव्या देऊ लागला, तिनं त्याला गप्प केलं. मग तिनं घोंगडी पसरली, तिच्यात ओंजळी-ओंजळीनं पांढरी खडी भरली आणि गाठ मारली. "घरी एक शब्द बोलाल तर याद राखा," ती पोरांना म्हणाली.

घरी अंगणात डुक्कर कापून झालं होतं. शेजारणी भात उकडत होत्या. दाल्मासियोनं दोन्ही हात पुढं केले.

"मिळाले, मानांग?" त्यानं थोरल्या बहिणीला विचारलं.

"मिळाले."

त्यानं गाठोडं मांडीवर घेतलं, वरून बोटं फिरवली. "केवढे जड गं अजून!"

"श्रीमंत माणूस होता."

"आणि कोरडे आहेत." तो रडू लागला. "बघ, अगदी कोरडे आहेत."

दाराशी गाव जमला होता. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सुटला बिचारा!" फेलिसानं मान हलवली. आता आजोबा स्वप्नात आले तर आपल्याकडेच येणार, हे तिला कळून चुकलं होतं. डांबराखालून येणाऱ्याला काय सांगायचं, ते काही सुचेना. ती उठली आणि मटणाचे वाटे लावायला गेली.