डावीकडचा खिसा

"ही पँट इथे कशाला आणलीस?"

हॉस्पिटलच्या पलंगावर बॅग उपडी करून हे माझ्यावर खेकसले. हातात ती जुनी राखाडी पँट, आतून उजवीकडे खिसा शिवलेली. नऊ वर्षांपूर्वी यांचा गुदाशयाचा कॅन्सर काढला, तेव्हा पाच महिने शौचासाठी पोटाला पिशवी लावलेली होती. ती झाकायला यांनी स्वतःच शिवली होती ही पँट. पिशवी निघाली त्या दिवशी म्हणाले, "चिंध्या कर हिच्या." मी मेली कुठली करतेय!

आता प्रोस्टेटचा कॅन्सर. उद्या रोबोटने ऑपरेशन. सकाळपासून यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"अहो, बसा की जरा. मला गरगरायला लागलंय."

"तू डोळे मीट."

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. म्हणाल्या, "काका, आधीच्या ऑपरेशनमुळे आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. सोडवताना आतड्याला इजा झाली, तर काही महिने पुन्हा पिशवी लागू शकते."

"रोबोट असूनही?"

"रोबोट माझ्याच हाताने चालतो. जपून करीन, पण खोटी खात्री देणार नाही."

हे थांबले. "चाळीस वर्षं शिवणकाम करतोय. दुसऱ्याने उसवलेला कपडा मी दुकानात घेत नाही. तुम्ही मला कशाला घेताय?"

"तुमचं गिऱ्हाईक नवा कपडा शिवून घेतं. तुम्हाला नवं पोट कुठून आणू?"

यांना हसू आलं. मला मात्र रडूच येत होतं.

संमतीपत्रावर सही करता करता यांनी हळूच विचारलं, "लागलीच पिशवी, तर उजवीकडेच ना?"

"या वेळी बहुतेक डावीकडे."

बाई गेल्या. पुन्हा खिडकी ते दार सुरू झालं. मग एकदम पलंगावर बसले. "सुई दे."

शिंप्याची बायको मी, पर्समध्ये सुई-दोरा असतोच. दोरा मीच ओवून दिला. यांनी उजवीकडचा खिसा टाका टाका करून उसवला. पोटावर डावीकडे चार बोटं ठेवून माप घेतलं आणि तिथे पुन्हा शिवायला घेतला.

"उसवलेलं घेत नाही म्हणे!" मी चिडवलं.

"माझंच आहे हे," हे मान वर न करता म्हणाले.

"आणि नाही लागली पिशवी, तर?"

"तर कर चिंध्या."

दोरा दाताने तोडला. पँट माझ्याकडे न देता स्वतःच तिची घडी घातली आणि बॅगेत सगळ्यांत वर ठेवली.