लोखंड पेरलेलं अंगण

वास्सा दुकानात शिरली तेव्हा तिच्या हातात पत्र्याची बादली होती आणि बादलीत तिच्या स्वतःच्या अंगणातलं गंजकं लोखंड. काउंटरमागच्या काउपोला वाटलं, म्हातारी चुकून इकडे आली.

"आजी, भंगार घेणारा पुढच्या चौकात बसतो."

"मला विकायचं नाहीये, घ्यायचंय. जमिनीतला धातू ओळखणारं यंत्र."

काउपोनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात रबरी बूट, वय पंचाहत्तरच्या घरात. "आजी, ह्याला परवाना लागतो."

वास्सानं झग्याच्या खिशातून परवाना काढून काउंटरवर आपटला. परवान्यासाठीच्या शहरातल्या वर्गात तीन दिवस ती दाढीवाल्या पोरांच्या मध्ये बसली होती आणि परीक्षेत पहिली आली होती. त्या पोरांनी तिच्यासाठी टाळ्याही वाजवल्या होत्या, पण हे काउपोला सांगायचं काही कारण नव्हतं.

तिला काय हवं होतं ते सेतो लोकांच्या त्या सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. छातीवर लावायची चांदीची ढाल. ताटाएवढी, मध्ये फुगीर, कडेनं नक्षी. लग्नाच्या दिवशी सासू ती सुनेच्या छातीवर लावते, आणि मग सुनेची सून होईपर्यंत ती तिथंच असते. वास्साच्या घरातली ढाल तिच्या आईला, ओडेला, मिळाली होती. एकोणीसशे एकोणपन्नासच्या मार्चमध्ये शिपाई आले आणि घरात जे सापडले त्यांना गाडीत घालून सैबेरियाला घेऊन गेले. ओडे, तिचा नवरा, लोहार सासरा मिहकाल आणि दोन वर्षांची वास्सा. सासू नास्ता त्या दिवशी बहिणीकडे गेली होती, म्हणून वाचली. सात वर्षांनी परत आल्या त्या दोघीच, ओडे आणि वास्सा. फाटकात उभ्या असलेल्या नास्तानं नवऱ्याचं विचारलं नाही, मुलाचं विचारलं नाही. ते दोघे मेल्याचं सरकारी कागदानं आधीच कळलं होतं. तिनं विचारलं, "ढाल कुठाय?"

ओडेनं सांगितलं की शिपाई येणार अशी कुणकुण लागताच सासऱ्यानं ढाल अंगणात पुरली. नेमकी कुठे, ते त्यालाच ठाऊक. आणि, हे तिनं पुढे कधीतरी सांगितलं, शिपायांची सुरुंग शोधायची यंत्रं बहिरी व्हावीत म्हणून भट्टीतलं सगळं भंगार त्यानं अंगणभर पेरलं. मिहकाल तर तिकडेच बर्फात गेला. मेलेल्या माणसाला कोण विचारणार?

"चांदी गेली आणि सून परत आली," नास्ता म्हणाली. ती हे मरेपर्यंत म्हणत राहिली. ती मेल्यावर गावानं ते वाक्य सांभाळून ठेवलं, कारण लोकांच्या जिभेला हाड नसतं. ओडेनं मात्र दर वसंतात, बर्फ वितळलं की, फावडं घेऊन अंगण खणलं. एकही वर्ष चुकवलं नाही. वास्साच्या आठवणीतली आई ही अशीच, पाठमोरी, वाकलेली, केसांत माती. आईच्या अंत्यविधीच्या जेवणातसुद्धा गावातल्या हेम्मो नावाच्या बाईनं चीजचा तुकडा तोंडात टाकता टाकता म्हटलं होतं, "बिचारी. विकूनच आली असेल, पण कबूल नाही झाली."

आता तीन आठवड्यांनी वास्साच्या नातीचं, त्रिनूचं, लग्न होतं. त्रिनूची आई लवकर गेली, पोर आजीनंच वाढवली. घरात आता सून येणार नव्हती, म्हणून तिच्याच छातीवर ढाल लावायची आणि आईवरचा डाग पुसायचा, एवढंच वास्साला हवं होतं.

"चला मागे," काउपो म्हणाला.

दुकानामागच्या गवतावर वास्सानं बादली उपडी केली. गळ्यातल्या साखळीचं एक जुनं चांदीचं नाणं सोडवून तिनं त्या भंगारात असं दडवलं की एका बाजूला खिळा टेकलेला आणि दुसऱ्या बाजूला बोल्ट.

काउपोनं पहिलं यंत्र आणलं. त्याची चकती घमेल्याएवढी. "हे हातभर खोल बघतं."

यंत्र गाय हंबरल्यासारखं एकच लांब ओरडलं. दहा वस्तू, आवाज एक.

"खोल बघतं, पण एकदम सगळंच बघतं," वास्सा म्हणाली. "पुढचं आण."

दुसरं यंत्र महागडं. काउपोनं ते बाळाला उचलावं तसं उचललं. "ह्यात लोखंड बंद करता येतं. बटण दाबलं की लोखंड गप्प, फक्त चांदी-तांबं बोलेल. तुमच्या अंगणाला हेच हवं. सगळे हेच नेतात."

त्यानं बटण दाबलं आणि चकती भंगारावरून फिरवली. शांत. पुन्हा फिरवली. शांत. काउपो चकती तिरपी धरून पाहू लागला, आणि वास्सा त्याच्या कानांकडे पाहत होती, ते लाल होत चालले होते.

"माझं नाणं कुठं गेलं?"

"आहे ना. पण लोखंडाला इतकं चिकटून असलं की त्याच्याबरोबर तेही झाकलं जातं."

"म्हणजे नको ते ऐकू येऊ नये म्हणून ह्यानं कानच बंद करून घेतले. असली माणसं आमच्या गावात पुष्कळ आहेत, विकत कशाला आणू?"

तिसरं यंत्र कोपऱ्यात होतं. हलकं, तळहाताएवढ्या चकतीचं. फार खोल पाहत नाही, काउपोनं आधीच हात झटकले, आणि त्यात लोखंड बंद करायची सोयच नाही, खिळ्या न् खिळ्याची कटकट ऐकावी लागते. वास्सानं कानावर हेडफोन चढवले आणि स्वतःच चकती फिरवली. खर्र. खर्र. खर्र. आणि दोन खरखरींच्या मधल्या फटीतून एक बारीक, स्वच्छ टिंग.

तिनं डोळे मिटून पुन्हा फिरवली. खालून घोगरे सूर, आणि त्यांच्यावर एकटाच उंच सूर. चाळीस वर्षं ती बायकांच्या गाण्यात पुढे उभी राहून गात आली होती. मागच्या वीसजणींत कोणाचा सूर कुठे आहे ते तिला न वळता कळायचं.

"हे दे."

"आजी, डोकं उठेल तुमचं."

"माझं डोकं मी बघते. ह्याला सगळं ऐकू येतं, मला तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात तिनं सुरुवात केली. तळ्याकडून येणारं धुकं सफरचंदाच्या झाडांच्या कमरेला गुंडाळलेलं होतं, आणि हेडफोन चढवल्यावर कोंबडे, बादल्या, रस्त्यावरची दुधाची गाडी, सगळं पाण्याखाली गेलं. राहिलं ते फक्त जमिनीचं बोलणं. तिनं अंगणात दोऱ्या बांधून पट्टे पाडले होते. एका पट्ट्याला एक सकाळ. चकती हळूहळू डावीउजवीकडे, गवत कापताना विळा जातो तशी. खर्र म्हणालं की खणायचं, लोखंड काढून बादलीत टाकायचं, पुन्हा ऐकायचं. लोखंड निघाल्यावर त्याच्या सावलीत दुसरं काही बोलतंय का, हे ऐकायचं.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिला काळाचं भान राहिनासं झालं. खरखर ऐकता ऐकता तिचं बायकांचं गाणं व्हायचं, आणि त्या बायकांत मेलेल्याही असायच्या. नास्ता असायची, मागच्या रांगेत, तोंड वाकडं करून. आई मात्र कधी गायची नाही, फावडं टेकून उभी असायची. "आई, सांग ना कुठंय," वास्सा चक्क मोठ्यानं म्हणायची, आणि कुंपणावरचा करकोचा मान वळवून तिच्याकडे बघायचा. एकदा टिंग झालं. गुडघ्यांवर बसून तिनं नखांनी माती उकरली, आणि हातात आलं पितळी बटण. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

संध्याकाळी त्रिनू शहरातून फोन करायची. "आजी, नाही मिळाली तर नको ग. सोनाराकडून नवी करू."

"नव्या ढालीला काय माहीत आहे? गप्प बस तू."

बाराव्या दिवशी भट्टीच्या पडक्या भिंतीजवळ एक लोखंडी पट्टी निघाली. वास्सानं ती झग्यानं पुसली. वर कारखान्याचा ठसा होता, आणि ठशाखाली साल. एकोणीसशे अठ्ठावन्न.

ती पट्टी तशीच हातात धरून बसली. आजोबा मिहकालला तर त्याच्या नऊ वर्षं आधीच सैबेरियाला नेलं होतं. मग तिनं भरलेल्या सहाही बादल्या ओट्यावर ओतल्या आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. आजोबाचे खिळे तिला अंधारातही ओळखू आले असते. ते चौकोनी असत, हातानं ठोकलेले, अजून भट्टीच्या दारात होते. इथं सगळे गोल, कारखान्याचे. ट्रॅक्टरचे बोल्ट, नांगराच्या साखळीच्या कड्या, सामुदायिक शेतीच्या गोठ्यातल्या बिजागऱ्या. एकही वीतभरापेक्षा खोल निघाला नव्हता. बारा दिवस ती ऐकत होती, पण डोळे उघडून बघितलं नव्हतं.

हे लोखंड आजोबानं पेरलं नव्हतं.

उरलेले दोन पट्टे तिनं त्याच दिवशी पुरे केले. शेवटी अंगण रिकामं झालं, आणि चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी कानात काही वाजलं नाही. दुकानातल्या त्या महागड्या यंत्राचीही शांतता होती, पण ती लपवाछपवीची. ही खरी. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार? तिला इतकी धडकी भरली की हेडफोन काढायचा धीर होईना.

ओक्सेनामावशी दोन घरं पलीकडे राहायची. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, आईची एकुलती एक मैत्रीण. वास्सानं पट्टी तिच्या मांडीवर ठेवली.

मावशीनं ती उलटीसुलटी केली. "इतकी वर्षं त्या अंगणात कोणी नीट बघणार नाही असं वाटलं होतं," ती म्हणाली. "नास्ताच्या भाच्यानं सैन्यातलं यंत्र आणायचं कबूल केलं होतं. तेव्हा तुझी आई माझ्याकडे धावत आली. दोन रविवार, सगळे चर्चला गेले असताना, आम्ही दोघींनी सामुदायिक शेतीच्या वर्कशॉपमागचं भंगार पोत्यांनी आणून पेरलं. हातांची सालटं निघाली."

"म्हणजे ढाल…"

"पहिल्याच हिवाळ्यात गेली ती. ओडेनं पोटाला बांधून नेली होती तिकडे. तू न्यूमोनियानं काळीनिळी पडली होतीस, आणि घरात उकडलेल्या बटाट्याच्या सालींशिवाय काही नव्हतं. तिथल्या एका बाईला ढाल देऊन तिनं बकरी आणली. दुभती."

वास्साच्या नाकात एकदम वास आला. ओल्या लोकरीचा, कोमट. एक पांढरं, उष्ण पोट, ज्याला टेकून ती झोपायची. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की ते स्वप्न आहे.

"खरी होती ती?"

"बकरी स्वप्नात दूध देते का ग?"

"मग मला का नाही सांगितलं? आजीला नाही ते ठीक, पण मला?"

"घर नास्ताचं. विकली म्हटलं असतं तर तुम्हां दोघींना त्याच दिवशी बाहेर काढलं असतं तिनं. पुढे नास्ता मेली, तेव्हा मी म्हटलं ओडेला, सांग आता पोरीला. तर म्हणाली, नको, जन्मभर स्वतःला चांदीच्या भावात मोजत बसेल." मावशीनं डोळे पुसले. "आणि दर वसंतात खणायची. म्हणायची, कुणी दुसऱ्यानं खणायच्या आधी मीच खणते. मी तिला हसायचे. चुकलंच माझं."

वास्साला रडू आवरेना. आईसाठी आलं, त्या खोट्या फावड्यासाठी आलं, आणि स्वतःसाठीही. साठ-पासष्ट वर्षं त्या अंगणात जे शोधलं गेलं ते तिनं दोन वर्षांची असतानाच पिऊन टाकलं होतं.

लग्नाच्या दिवशी ऊन पडलं होतं. त्रिनू पांढऱ्या सदऱ्यात, लाल पट्ट्यात दारात उभी राहिली. गळ्यात साखळ्या होत्या, छाती मोकळी. उसनी ढाल लावायला वास्सानं नकार दिला होता. त्रिनूला सगळं सांगून झालं होतं आणि ती फक्त "गा तू" म्हणाली होती. बायका अर्धगोलात उभ्या राहिल्या. हेम्मोची नजर नवरीच्या छातीवर जाऊन शेजारणीकडे वळली.

आता पुढे उभी राहून गाणारीनं चांदी कोणाकडून आली ते गायचं असतं. आणि पुढची जे म्हणेल ते मागच्यांनी उचलायचंच असतं, पटो न पटो. लग्नाच्या दारात ओळ खाली पडू दिली तर संसार पडतो.

वास्सानं श्वास घेतला.

"माझ्या आईनं ढाल विकली."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग बाकावर बसलेल्या ओक्सेनामावशीनं चिरक्या आवाजात ओळ धरली, आणि नाइलाजानं वीसजणी तिच्या मागे आल्या. आईनं ढाल विकली.

"दुभती बकरी घरी आणली."

बकरी घरी आणली. हेम्मोचं तोंडही हलत होतं.

"मरती पोर दुधानं वाचली."

ह्या ओळीला हेम्मोचा घोगरा सूर मध्येच फाटला. वास्सा वळली नाही. तिला ऐकू आलं होतं.

"त्या पोरीची ही नात, लग्नाला उभी राहिली."

सगळ्यांनी तीही ओळ उचलली, आणि ह्या वेळी कोणालाही ओढून घ्यावं लागलं नाही.