सेनापती पडला ती जागा

रणमैदानाची राखणदार गवतात गुडघे टेकून खुंटी शोधत होती आणि तिची लेक मागे उभी राहून नखं खात होती. खुंटी तिथे नव्हतीच. ती घरामागे होती, कपड्यांच्या दोरीला.

अठराव्या शतकात या मैदानावर एका सकाळीत एक अख्खं राज्य बुडालं. हरणारा सेनापती पडला तिथे आठवणीचा दगड बसवलेला. पण जागा दलदलीची; हार वाहायला आलेली म्हातारी माणसं सटासट घसरायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी आईने कुणाला न विचारता दगड कोरड्यात आणला आणि मूळ जागी लोखंडी खुंटी ठोकली, वेळ आलीच तर परत नेता यावा म्हणून. आज अकराला मोजणीवाले साहेब जुना नकाशा घेऊन येणार होते. दगड हललेला दिसला की आईची नोकरी जाणार, राहती खोलीही.

"आई, खुंटी मी उपटली. दोरी बांधायला."

आईने गुडघ्यांवरचं गवत झटकलं. "एवढं मैदान पडलंय, कार्टे, तुला तीच सापडली?"

"मला वाटलं, लढाईतली राहिलीय."

"हो, तेव्हाही कपडे वाळत घालत होते."

लेकीला एकदम आठवलं. लहानपणी दगडाला टेकून उभं राहिलं की शाळेचं घड्याळ पाण्याच्या टाकीमागे बरोब्बर लपायचं. ती घड्याळावर नजर ठेवून मागे मागे सरकली. घड्याळ लपलं, पाय घोट्यापर्यंत रुतले. आईने फावडं मारलं. खाली जुन्या चौथऱ्याची वीट खणखणली.

हातगाडीवर दगड चढवून त्या अर्ध्या वाटेत पोचल्या, तोच जीप आली. वीस मिनिटं आधी.

"धुवायला काढला म्हण," लेक पुटपुटली.

आईने घाम पुसला. "साहेब, दगड मीच हलवला होता. इथे लोक पडतात."

साहेब नकाशा उघडून तरातरा पुढे गेले, बरोबर विटेपाशी पोचले आणि सपशेल आडवे झाले.

कुणी हसलं नाही. लेकीने ओठ चावून धरला.

साहेब चिखलातच बसून वहीत लिहू लागले. तिने वाकून वाचलं: 'दगड मूळ जागी बसवत आहेत. पाणी काढायला चर तातडीने खणावा.' खाली सही.

"पँट वाळवायला दोरी आहे का हो?"

आईने लेकीकडे पाहिलं.

"आहे की," लेक म्हणाली. "खुंटी चांगली भक्कम आहे."