सासऱ्यांची टाच

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. तळपायाची आग अजून मस्तकातून उतरली नाहीये माझी.

आमच्या बिट्टीला ऐकू येत नाही, हे तुला माहितीये. तीन वर्षांची होत आली पोर, आत्ता कुठे दोन्ही कानांना मशीन बसलंय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, बोलायला शिकायचं हेच वय, झोप आणि आंघोळ सोडली तर मशीन काढायचं नाही. आणि परवा ती पहिल्यांदा "आई" म्हणाली गं! तुटक, पण म्हणाली!

घरात कुणाला पटेल तर शपथ. सासरे सुतार. खाली कारखाना, वर आम्ही, आणि वरची जमीन अख्खी लाकडी फळ्यांची. कुणी आलं की सासरे बिट्टीच्या मागे जाऊन धाडकन टाच आपटतात. ती वळते. "बघा! म्हणे ऐकू येत नाही!" अहो, फळी हादरते, तिच्या पायाला कळतं ते! किती वेळा सांगितलं. तर सासूबाई, "आमच्या घराण्यात नाही हो असलं काही." म्हणजे मीच माहेरून बांधून आणलं. नवरा? तो मूग गिळून पटाशीला धार लावतो.

काल नणंदेचं लग्न ठरवायला मुलाकडचे आले होते. मी आत चहा गाळतेय, बाहेर मुलाची आई विचारतेय, "बाळ, नाव काय तुझं?" उत्तर नाही. सासूबाई म्हणाल्या, "लाजते हो फार." की लगेच धाडकन टाच! मी डोकावले, तर पोरीचे कान रिकामे.

सासूबाई आत आल्या. म्हटलं, "मशीन कुठंय?"

"हळू बोल. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"कुठंय?"

"खाली ठेवलंय. पळून नाही जात."

मीच पळाले. फळ्यांमागे बघितलं, डिंकाच्या डब्यांमागे बघितलं. शेवटी खिळ्यांच्या खणात सापडलं गं. खिळ्यांत! भुशात लोळत! ओढणीनं पुसलं, वर आले आणि सगळ्यांसमोर फतकल मारून बिट्टीच्या कानांत घातलं. ती दचकली, मग हसली. म्हटलं, "हिला ऐकू येत नाही. मशीननं येतं. आणि लाजत-बिजत नाही, चांगली आगाऊ आहे."

पाहुणे चहा तसाच ठेवून "कळवतो" म्हणत उठले.

मग सुटला तोफखाना. सासरे ओरडले, "माझ्या पोरीच्या लग्नात माती कालवलीस!" नवऱ्यालाही कंठ फुटला, तो कशासाठी? "फोन करून सांग ना, कानात पू झाला होता, तात्पुरतं लावलंय. एवढं एक खोटं."

"तू सांग मग."

"बोललीस तू, निस्तर तूच."

मी फोन उचललाच नसता. पण नणंद आली. ती कधी वाईट नाही वागली माझ्याशी. बिट्टीला तीच खेळवते. रडून डोळे सुजलेले, हात जोडून उभी. "वहिनी, एकदाच. मला तो आवडतो गं."

तिच्यावर कशी चिडू? पण चिडले! म्हटलं, "आणि पुढे? तुझ्या लग्नात काढायचं, बारशाला काढायचं? ही बोलायला शिकणार कधी?"

केला फोन. सगळे भोवती, बिट्टी मांडीवर. मुलाच्या आईनं उचलला. म्हटलं, "मशीन कायमचं आहे. माझी नणंद सोन्यासारखी आहे, तिचा यात काही दोष नाही. पण तिच्या भाचीला आम्ही लपवणार नाही." तिकडून नुसतं "बरं" आणि फोन ठेवला. बरं म्हणजे काय, देव जाणे!

नणंदेनं आतून कडी लावून घेतली. माझ्या हातचं जेवतही नाहीये. नवरा म्हणतो, "माणूस आहेस का दगड?" सासूबाई तर बिट्टीच्या तोंडावर म्हणाल्या, "हिच्यापायी घर बुडालं." आणि बिट्टीच्या कानांत मशीन होतं गं. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत ती ऐकत होती.

आता बोल. माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?