पडद्याआडची दिवाणकी

“दिवाणजी, आमी दोघं भाऊ. विहीर एक. पाण्याच्या पाळीवरून दरसाल काठ्या निघतात. मी म्हंतो तो दिवस त्याले पटत नाही, तो म्हंते तो मले पटत नाही. आता तुमीच न्याव करा!”

विचारणारा खाली बसला आणि मांडव गप्प झाला. राजाच्या शेजारी बसलेल्या दिवाणजींनी अंबाडीच्या वाखाची दाढी कुरवाळली. डोळे मिटले. मान जराशी मागे टेकवली. लोकांना वाटत होतं, दिवाणजी विचार करताहेत. दिवाणजी ऐकत होते.

पाठीमागच्या पडद्याआडून बारीक आवाज आला, “एकानं वाटे पाडावे, दुसऱ्यानं आधी उचलावा.”

दिवाण झालेल्या उकंडरावांनी डोळे उघडले. “सोपं हाये,” ते भरदार आवाजात म्हणाले. “एकानं दिवसाचे दोन वाटे पाडावे. पण कोणता घ्यायचा ते दुसऱ्यानं आधी ठरवावं. मंग पाहा, पाडणाराच डोळ्यात तेल घालून वाटे सारखे पाडते का नाही!”

मांडव हसला, टाळ्या पडल्या. दोघे भाऊसुद्धा एकमेकांकडे बघून हसले.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. पिंपळगाव राजा या गावच्या बाजाराला वांगी आणि सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन जाणारे उकंडराव चौथी नापास. पण छाती भरदार, आवाज विहिरीत बोलल्यासारखा. म्हणून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी होणाऱ्या नाटकात दिवाणाचं काम दरवर्षी त्यांच्याकडे. नाटक मंडळींच्या गुलाबरावांनी त्यात एक दरबार घातला होता. दरबारात कोणीही उठून सवाल टाकायचा आणि दिवाणानं तिथल्या तिथे जवाब द्यायचा.

पहिल्याच वर्षी उकंडराव पहिल्याच सवालाला घामाघूम झाले होते. पडद्यामागे नाटकाची वही धरून त्यांची लेक चांगुणा बसलेली. अकरा वर्षांची पोर. बाप अडखळला तर शब्द सांगायचा, एवढंच तिचं काम. त्या दिवशी वहीत नसलेलं उत्तर तिनं हळूच सांगितलं. बापानं ते मोठ्यानं म्हटलं आणि गावाला दिवाण मिळाला.

तेव्हापासून दोघांचं ठरून गेलं. ती उत्तर शोधेपर्यंत बापानं दाढी कुरवाळायची. फारच वेळ लागला तर पाणी मागायचं. शहाणा माणूस घाई करत नाही, हे लोकांना चटकन पटतं.

पुढं लोक वाफ्यावर येऊन सल्ला विचारू लागले. उकंडराव म्हणत, “उद्या सांगतो.” आणि भाकरी खाता खाता सहज बोलल्यासारखं चांगुणापुढे ते काढत. बायको सोजराबाई कधी म्हणायची, “पोरीचं डोकं लय चालते हो!” तेव्हा उकंडराव म्हणत, “कोनाची हाये मंग?” हळूहळू त्यांना खरंच वाटू लागलं की बुद्धी आपलीच, पोर फक्त आठवण करून देते.

या जत्रेच्या वर्षी चांगुणा सातवीला केंद्रात पहिली आली. गावात शाळा सातवीपर्यंतच. वामनराव गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. खामगावला पाठवा, मुलींच्या वसतिगृहाचं मी बघतो, म्हणाले. उकंडराव दोन्ही वेळा “पाहू, पाहू” म्हणाले. तेवढ्यात अमडापूरचं स्थळ चालून आलं. चांगली जमीन, एकुलता एक मुलगा. जत्रेला येतो, तेव्हा बोलणी करू, असा व्याह्यांचा निरोप होता.

ती मंडळी मांडवात पुढच्या रांगेत बसली होती. विहिरीचा न्याय ऐकून त्यांनी माना डोलावल्या. मग मागून वामनराव गुरुजी उठले.

“दिवाणजी, माझाही एक प्रश्न आहे. एका बापाला एक मुलगी आहे. डोकं तल्लख. शिकायचं तर गाव सोडावं लागतं आणि लग्नाचं स्थळही आलेलं आहे. बापानं काय करावं?”

उकंडरावांचा हात दाढीवर गेला. पडद्याआडून काही आलं नाही. त्यांनी डोळे मिटले. तरी काही नाही. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले. लोटा रिकामा झाला तेव्हा कुठे आवाज आला. आज तो थांबत थांबत येत होता. एकेक वाक्य उकंडराव उचलत गेले आणि मांडवाला देत गेले.

“कास्तकाराच्या घरी एखाद्या साली बियाणं लय चांगलं निघते. तो ते दळून खात नाही. कोठीत राखून ठेवते. घरात उपास पडला तरी त्याले हात लावत नाही. बियाण्याची एवढी कदर हाये आपल्याले... मंग लेकीचं डोकंच काऊन जात्यात टाकता?”

 मग टाळ्या अशा पडल्या की पारावरची कबुतरं उडाली. बायकांच्या बाजूनं कोणीतरी डोळ्याला पदर लावला.  एवढं चांगलं आपण यापूर्वी कधी बोललो नव्हतो, असं उकंडरावांना वाटलं.

अमडापूरचे व्याही नाटक संपताच घरी आले. “देण्याघेण्याचं काही नाही,” ते म्हणाले. “एवढ्या शहाण्या मानसाची सोयरीक भेटून राह्यली, आमाले आनखी काय पाहिजे?”

एवढ्या शहाण्या माणसाची! उकंडरावांनी दाढी नसलेल्या हनुवटीवरून हात फिरवला आणि सोयरीक पक्की करत सुपारी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वांग्यांना पाणी देत होते. चांगुणा बांधावर येऊन उभी राहिली.

“बाबा, काल दरबारात तुमी काय म्हणले?”

“काय म्हणलो?”

“गुरुजींनं विचारलं त्याले.”

उकंडरावांनी फावडं चालवत ठेवलं. “ते नाटकातलं व्हय, बाई. नाटकातलं घरात आनत नसतात. अन् स्थळ चांगलं हाये.”

“लोकायनं टाळ्या काऊन वाजवल्या मंग?”

उकंडरावांचा हात हनुवटीकडे गेला. त्यांनी नेहमीसारखं थांबून पाहिलं. पण सांगणारी समोरच उभी होती आणि ती गप्प होती. थोड्या वेळानं ती वळून घराकडे गेली. रडली नाही, पुन्हा विचारलंही नाही. वैशाखात लग्न झालं. तेव्हा तिला पंधरावं लागलं होतं.

वर्ष गेलं. पुन्हा जत्रा, पुन्हा मांडव. वही धरायला आता गुलाबराव स्वतः बसले होते. उकंडरावांना मनातून धाकधूक होती, पण तीन वर्षांची दिवाणकी काय वाया जाते, असंही वाटत होतं.

पहिला सवाल एका म्हाताऱ्याचा होता. “दिवाणजी, दोन लेकं हाये. मोठा म्हंते माह्याकडे राहा, धाकला म्हंते माह्याकडे. ज्याच्याकडे जाईन त्याच्या बायकोचं तोंड वाकडं. कोनाकडे राहू?”

उकंडरावांनी दाढी कुरवाळली. डोळे मिटले. कान पडद्याकडे लागले. मागे गुलाबरावांच्या खोकल्याचा आवाज आला, बस. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. दुसरा लोटा मागितला.

“बोला ना बाप्पा!” पडद्याआडून गुलाबराव कुजबुजले.

उकंडराव उठून उभे राहिले. एवढा वेळ ऐकून ऐकून त्यांना एकच गोष्ट ऐकू आली होती. मागे चांगुणा नव्हती. आणि ती नव्हती म्हणजे आपल्या आत काहीच नव्हतं. त्यांनी दाढी ओढून काढली. वाखाची गाठ कानाला ओरबाडून गेली.

“मले नाही येत,” ते म्हणाले. आवाज दिवाणाचा नव्हता. “मले कधीच येत नव्हतं. ते जवाब माह्या पोरीचे होते. ती मांगून सांगे, मी बोलून देवो. तुमी जिले दिवाण म्हणले ती पोर मी अमडापूरले देऊन टाकली.”

 मग पुढच्या रांगेतला कोणीतरी ओरडला, “वा दिवाणजी, वा! मोठेपना पाहा मानसाचा! आपली हुशारी लेकीच्या नावानं करते!”

आणि टाळ्या पडल्या. मागच्या वर्षीपेक्षा जास्त. म्हातारासुद्धा खुशीत मान डोलवत होता. त्यालाही त्यात आपलं उत्तर सापडलं असावं. उकंडराव दोन्ही हात हलवून “नाही, नाही” म्हणत राहिले. जितके म्हणत तितक्या टाळ्या वाढत.

फक्त वामनराव गुरुजी टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी नंतर उकंडरावांना बाजूला घेऊन सांगितलं, “घरी बसूनही परीक्षा देता येते. सासरच्यांना विचारून बघा.”

तिसऱ्या दिवशी पिशवीभर वांगी घेऊन उकंडराव खामगावहून चिखलीच्या एसटीत बसले आणि अमडापूरला उतरले. विहीणबाई गोजरबाईंनी प्रेमानं पाट दिला. “लेक गुनाची हाये बरं का तुमची,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं, तोंडातून शब्द नाही काढला पोरीनं.”

चांगुणा पाणी घेऊन आली. डोक्यावरून पदर. अंगानं भरली होती, चेहरा मात्र मोठ्या बाईचा झाला होता.

“मी सांगितलं लोकायले,” उकंडराव हलक्या आवाजात म्हणाले. “ते जवाब तुहे होते म्हणून.”

तिनं वर पाहिलं. “मंग?”

“टाळ्या वाजवल्या.”

ती किंचित हसली. “वाजवतीलच. तुमी बोलताच तसे.”

व्याही शेतातून आले. जेवणं झाली. उकंडरावांनी मग वाट पाहिली नाही, हनुवटीला हातही लावला नाही. हात जोडून म्हणाले, “एक मागणं हाये. पोरीले घरूनच परीक्षा देऊ द्या. पुस्तकं गुरुजी पाठवतात.”

व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खो-खो हसले. “काय दिवाणजी! आमची परीक्षा पाहून राह्यले काय? त्या दिवशीचं बियाण्याचं आमाले अजून ध्यानात हाये. लय मजा आली होती बाप्पा!”

“मजाक नाही, भाऊ. मी खरंच मांगून राह्यलो.”

व्याह्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि गोजरबाईंना पान लावायला सांगितलं. दाराशी उभी असलेली चांगुणा म्हणाली, “राहू द्या, बाबा. गाडी चुकन तुमची.”

तिनं रिकामी पिशवी धुवून वाळवली होती. लेकीच्या घरून रिकामी जाऊ नये म्हणून तळाशी मूठभर शेंगा घातल्या होत्या. फाट्यापर्यंत तिला येता आलं नाही. अंगणातूनच पाया पडली.

परतीच्या एसटीत शेजारी एक गप्पिष्ट माणूस बसला होता. गाव विचारलं, उकंडरावांनी सांगितलं.

“अरे वा! तुमच्या गावात एक लय हुशार मानूस हाये म्हणे. कोनताही सवाल टाका, फट्‌दिशी जवाब.”

उकंडराव पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

“होती,” ते म्हणाले. “अमडापूरले देली.”

“आँ?” माणसानं कान पुढे केला. गाडी चढ चढत होती, इंजिन गुरगुरत होतं. उकंडरावांनी पिशवीच्या तळाच्या शेंगा चाचपल्या. आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही, असं त्या माणसाला वाटलं आणि तो पलीकडच्या प्रवाशाशी बोलू लागला.