पाळणाघराची तालीम

"अहो, फाडू नका! जपून काढा!" मॅनेजर दारातूनच ओरडला. "परत घालायचंय ते."

लाकडी घोड्यावरचं प्लास्टिक काढता काढता तिचा हात थांबला. कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. शर्टाला कॉलर लावावी तर तिनेच. पण आज मशीन सोडून ती पाळणाघर सजवत होती. कारखान्याला पाळणाघर आहे, हे तिथल्या बायकांनाही वर्षातून एकदाच आठवे. इथले शर्ट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची पाहुणी यायची असली, की आतली बटणांची खोकी गच्चीवर जात, भिंतीवरची बदकं ओल्या फडक्याने पुसली जात आणि बायकांची मुलं एका दिवसापुरती आणून बसवली जात. पाहुणी गेली की खोकी खाली, घोडा प्लास्टिकमध्ये आणि दाराला कुलूप. पाळणाघराचा कायदाही होता म्हणे. पण सरकारी तपासनीस चहा घेऊन, दोन शर्ट काखेत मारून जायचे. तपासलीच तर कॉलर तपासायचे.

कॉलरवालीची थोरली मुलगी पावसाळ्यापासून शाळेत गेली नव्हती. धाकट्याला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. परवाच शाळेतल्या बाई रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "या महिन्यात आली नाही, तर नाव कमी होईल हो तिचं." थोरली भावाला कडेवर घेऊन उभी होती. ती नुसती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. काहीही झालं तरी पोर शाळेत जाणार, असं कॉलरवालीने तिथेच ठरवून टाकलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. ऑर्डर गेली तर कारखाना बसेल, या धास्तीने त्याचं पोट कधी धड नसे.

"मागच्या वेळी एक कार्टं पाहुणीला म्हणालं, आम्ही आजच आलो," तो सांगू लागला. "माझ्या तोंडचं पाणी पळालं! यंदा नीट पढवा त्यांना. 'आम्ही रोज येतो', एवढं तरी म्हणता आलं पाहिजे."

"नुसतं म्हटल्याने कोण विश्वास ठेवेल, साहेब?" कॉलरवाली म्हणाली. "रोज आल्यासारखी यायला हवीत. तालीम घ्यावी लागेल."

"घ्या की! बिस्किटं मी देतो."

मग रोज सकाळी तालीम सुरू झाली. वस्तीतल्या नळापाशी जमायचं. पुढच्याच्या सदऱ्याचं टोक धरून, आयांबरोबर रांगेत कारखान्यापर्यंत यायचं. फाटकावरच्या वॉचमनला सलाम ठोकायचा, पाळणाघराच्या दाराशी चपला ओळीने काढायच्या, मोठ्याने वाक्य म्हणायचं आणि हात पुढे करायचा, की बिस्कीट. तेवढं झालं की थोरली आणि वस्तीतल्या तिच्याएवढ्या पोरी त्यांना घरी घेऊन जायच्या. आधी नुसता गोंधळ होता. एकाने भर रस्त्यात फतकल मारली, दोघांनी चपलांवरून मारामारी केली. पण कॉलरवालीने पिच्छा सोडला नाही. होता होता मुलांना अशी गोडी लागली, की आया उठायच्या आत कोणी कोणी नळापाशी जाऊन उभं राही. वॉचमनही उलट सलाम ठोकू लागला. मॅनेजर तर बेहद्द खूश होता.

पाहुणी आली. चटईवर बसून तिने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "रोज येता?"

"आम्ही रोज येतो!" खोली दणाणली.

पाहुणी हसली. घोड्याच्या कानाला प्लास्टिकचा एक तुकडा चिकटून राहिला होता. तिने तो नखाने सोडवला, क्षणभर कॉलरवालीकडे पाहिलं आणि तुकडा तिच्या हातात ठेवला. कॉलरवालीने मान खाली घातली नाही. उद्या समोरचा कारखाना बघायचा आहे, असं मॅनेजरला सांगून पाहुणी गेली. आपली पीडा टळली, म्हणून मॅनेजरने रुमालाने मान पुसली आणि पाळणाघराला स्वतःच्या हाताने कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल गच्चीवरून खोकी उतरवू लागले आणि फाटकातून मुलांची रांग आत आली. वॉचमनने सवयीने सलाम ठोकला. बंद दारासमोर चपला ओळीने निघाल्या.

"हे काय?" मॅनेजर धावत आला. "कोणी बोलावलं यांना?"

"ऐकतच नाहीत, साहेब," एक आई म्हणाली. बाकीच्या पदराआड हसू लपवत होत्या.

कॉलरवालीचा धाकटा सगळ्यात पुढे होता. त्याने छाती फुगवली. "आम्ही रोज येतो!"

मागून सगळी रांग ओरडली. रस्त्यापलीकडच्या फाटकाशी मोटारीतून उतरणारी पाहुणी मागे वळली. मॅनेजरने हसून हात हलवला आणि तसंच हसू धरून दातांतल्या दातांत कॉलरवालीला म्हटलं, "हे तुमचं काम. कामावरून काढून टाकेन तुम्हाला."

कॉलरवाली मागे हटली नाही.

"काढा. पण आधी मुलांना आत घ्या. उन्हात उभी आहेत."

"तुमची थोरली कुठाय? तिला सांगा, घेऊन जाईल सगळ्यांना घरी."

"ती शाळेत गेलीय."

जिन्यावर हमाल डोक्यावर खोकी घेऊन ताटकळले होते.

"साहेब," त्यांच्यातला एक वैतागून म्हणाला, "वर न्यायची, की खाली?"

मॅनेजरने पुन्हा एकदा रस्त्यापलीकडे पाहिलं आणि खिशात हात घातला. बिस्कीटच निघणार, असं धाकट्याला वाटलं. त्याने तळवा आणखी पुढे केला.