वुबितच्या गळ्यातला चिमटा

मित्रांनो, मी वुबितच्या गळ्यातला चिमटा. असेन करंगळीएवढा, पण काळ्या दोऱ्यात तिच्या क्रूसाशेजारी मला जागा होती! गोज्जामच्या डोंगरातल्या एका लोहाराने मला घडवलं. त्याची नजर लागते म्हणून बाया त्याच्याकडे बघायच्या नाहीत. वुबितनेही तोंड फिरवूनच माझे पैसे दिले. आता हसू येतं. तिचे डोळे गेले ते काही त्याच्या नजरेने नाही गेले.

लहानपणी तिचे डोळे वरचेवर यायचे. "आलेत तसे जातील," असं म्हणतच आमचं सगळं गाव वाढलं. पण त्या लागणीने पापणी आतून आक्रसली आणि तिचे केस आत वळून बुबुळावर घासू लागले. डोळ्यात कुसळ गेलं तर तुम्ही केवढे नाचता! तिला ते प्रत्येक उघडझापीला टोचायचं. मी केस उपटायचो, टिक्! की तिचा जीव भांड्यात पडायचा.

कॉफीला शेजारणी जमल्या की कपांबरोबर मीही हातोहात फिरायचो.

"तुझा चिमटा म्हणजे सोनं गं," शेजारची बिर्के म्हणायची. "नवऱ्यापेक्षा कामाचा!"

"नवरा मेला हाक मारली की येतो कुठं?" वुबित म्हणायची. सगळ्या खिदळायच्या आणि मी फुगायचो.

हसून पाणी आलं की वुबित खांद्यावरच्या नेतेल्याच्या, म्हणजे पांढऱ्या सुती शालीच्या, टोकाने डोळे पुसायची. त्याच टोकाने मांडीवरल्या येशीचं तोंड पुसायची. माया होती हो ती. पण लागण त्या मायेतूनच लेकीकडे चालली होती.

उपटलेले केस पुन्हा उगवायचे, खुंटासारखे ताठ, आणि आधीपेक्षा जास्त टोचायचे. आरोग्य केंद्रातली सेनाइत दारात यायची.

"ताई, पापणीचं लहानसं ऑपरेशन आहे. फुकट आहे. चला ना."

"येते गं बाई, तेफची कापणी होऊ दे." कापणी झाली की मळणी, मळणी झाली की उपास. "आणि माझा चिमटा आहे की!"

मला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा. कर्म माझं!

एक डोळा पांढरा झाला. मग दुसऱ्यातही धुकं दाटलं. उंबऱ्यात उन्हाला बसून येशी आईचं डोकं मांडीवर घ्यायची आणि मला धरायची. शेवटी वुबित केंद्रात गेली. टाके पडले, टोचणं थांबलं. बुबुळावरचा पांढरा डाग मात्र तसाच राहिला. "आधी यायचं होतं ना, ताई," म्हणताना सेनाइतच रडली.

येशी लग्नाची झाली. परवा वुबित चुलीपाशी चाचपडत लाकडं सारत होती आणि येशी दारात बसली होती. टिक्.

वुबितचा हात थांबला. "येशी, कुणाचे केस काढतेस?"

"कुणाचे नाही, आई."

"डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. ये इकडे."

तिने लेकीच्या पापणीवरून बोट फिरवलं. पापणी ओली होती.

"एकच होता गं. आता बरं वाटतंय."

"मलाही बरंच वाटायचं," वुबित म्हणाली. तिने मला हिसकावलं आणि चुलीत टाकलं. "चल केंद्रात."

"आत्ता? तेफ कापायचं राहिलंय."

"वाळू दे तिकडे उभं. धर माझा हात."

मित्रांनो, तोंड रोज स्वच्छ पाण्याने धुवा. एकाचा फडका दुसऱ्याच्या डोळ्याला लावू नका. डोळा टोचू लागला तर कापणीची वाट न बघता डॉक्टर गाठा. मी केस काढतो, दुखणं काढत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

मी आता राखेत पडलोय. येशीचा डोळा वाचेल का, मला ठाऊक नाही. काल बिर्के आली होती, डोळा चोळत. "अगं वुबित, तुझा तो चिमटा दे की जरा," म्हणाली, आणि घरात कुणी नाही म्हटल्यावर स्वतःच शोधू लागली. देवा, तिला मी सापडू नये.